जालन्याचे जुने कागद कुठे आहेत आणि त्या इमारती कोण राखतो?

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत 2023 साली मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूम उघडल्या. खासरा पत्रके निघाली, पाहणी पत्रके निघाली, कोतवाल बुके निघाली. मोडी वाचणाऱ्यांना आणि उर्दू-फारसीच्या जाणकारांना अचानक भाव आला. नोंद सापडली की नाही, यावर रान उठले; ती नोंद इतकी वर्षे ज्या खोलीत पडून होती त्या खोलीविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही.

कागद एका ठिकाणी का नाहीत?

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. त्याआधी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात, परतूरकडचा भाग परभणीत. 1948 पर्यंत सगळाच निजामाच्या राज्यात, आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. सीमा सरकल्या तरी दप्तरे तशी सरकत नाहीत. गावपातळीचे महसुली कागद तहसील आणि जिल्हा कचेरीत राहिले. निजामाच्या दरबारचे मोठे दप्तर हैदराबादेतच आहे. शाहजहान-औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे फारसी कागदही तिथेच, आजच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात. इंग्रजांशी संबंधित व्यवहारासाठी मात्र मुंबई-पुणे गाठावे लागते. असईची लढाई 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्याच जिल्ह्याच्या मातीत झाली, पण त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचा माग काढायला जालन्याच्या अभ्यासकाला रेल्वेनेच निघावे लागते.

एक इमारत छापखान्यासाठी योजलेली, एक दप्तरासाठी बांधलेली

मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत आहे. राज्याचे पुराभिलेखागार तिच्याच एका भागात आहे. सरकारी दप्तरखाना म्हणून ही संस्था 1821 पासूनची, म्हणजे इमारतीहून कितीतरी जुनी. इमारत मुळात सरकारी मध्यवर्ती छापखान्यासाठी योजलेली होती. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा, बांधकाम पाहिले खानबहादूर मंचरजी मुर्झबान यांनी, आणि 1888 च्या सुमारास ती उभी राहिली. रस्त्यावरून पाहिले तर कमानींच्या रांगा, कोरीव दगड आणि प्रवेशद्वारावर सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांचे शिल्प नजरेत भरते. सुरतेच्या वखारीपासूनचे सतराव्या शतकातले कंपनीचे कागद अशा कमानींमागे आहेत, हे समोरच्या फुटपाथवरून जाणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते.

पुण्याचे पेशवे दफ्तर वेगळे. तिथली दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दप्तरासाठीच बांधली गेली. कागद कापडी रुमालांत बांधलेले, आणि असे रुमाल हजारोंनी. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागद 45 खंडांत छापून आणले तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाला नवे पाय फुटले. हेतूने बांधलेली वास्तू आणि सोयीने दिलेली वास्तू यांतला फरक पाहायचा असेल तर ही दोन्ही ठिकाणे पाहावीत.

दगड आणि कागद यांची दुखणी

जुन्या दगडी भिंतींच्या दरजा चुन्यात भरलेल्या असतात. चुना श्वास घेतो. ओल आत शिरली तरी बाहेर पडायला तिला वाट असते. दुरुस्तीच्या नावाखाली कोणी त्यावर सिमेंट फासले की ती वाट बुजते. ओल भिंतीत मुरते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी येऊन साचतात, आणि काही पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आतल्या मांडणीवरचा कागद तीच ओल पितो. त्याला बुरशी लागते, मग कसर आणि वाळवी.

कागदासाठी 22 ते 25 अंश तापमान आणि 45 ते 55 टक्के आर्द्रता चांगली मानतात. मुंबईचा पावसाळा हा आकडा सहज ओलांडतो. जालन्याचे दुखणे उलटे: उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, हवा कोरडी, कागद कडक होऊन घडीवर तुटतो; आणि जूनमध्ये एकदम ओल. सततच्या दमटपणापेक्षा हे हेलकावे कागदाला जास्त छळतात, असे माझे मत आहे.

वजनाचाही विचार करावा लागतो. गच्च भरलेली लोखंडी कपाटे जुन्या मजल्यांना झेपतीलच असे नाही. आगीचे तर विचारूच नका. 21 जून 2012 रोजी मंत्रालय जळाले तेव्हा कागदाचे काय होते ते सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिले.

कायदा दोन वाटांनी चालतो

इमारतीसाठी एक वाट, कागदासाठी दुसरी. मुंबईत 1995 च्या वारसा नियमावलीने इमारतींना श्रेण्या दिल्या आणि वारसा समितीच्या परवानगीशिवाय फेरबदल थांबवले. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. एल्फिन्स्टन कॉलेज त्यातच येते. कागदासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 आहे. पण इमारतीला दर्जा मिळाला म्हणून आतला रुमाल वाचत नाही, आणि अभिलेख कायद्याने गळके छत दुरुस्त होत नाही. शिवाय वारसा इमारतीत वातानुकूलन किंवा अग्निशमनाची नवी यंत्रणा बसवायची तर भिंत फोडायलाही परवानगी लागते. इमारती आणि कागद सांभाळणाऱ्या दोन्ही खात्यांनी एकाच टेबलाशी बसल्याखेरीज हे जमत नाही, आणि ती बैठक क्वचितच होते.

मस्तगड आणि आपण

जालन्यात सार्वजनिक कारभाराची खरी ऐतिहासिक वास्तू म्हणजे मस्तगड. पहिला निजाम आसफजाह याच्या हुकमावरून काबिल खानाने 1725 च्या सुमारास तो बांधला. चौकोनी आखणी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज, बालेकिल्ल्यावर फारसी शिलालेख, आणि आत दालने-सज्जे असलेली मोठी विहीर. बालेकिल्ल्यात नगरपालिकेची कार्यालये थाटल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. किल्ल्यात कचेरी थाटणे वाईट नाही. वापरातली वास्तू ओस पडलेल्या वास्तूपेक्षा जास्त टिकते. मात्र प्रत्येक नव्या खिळ्याला आणि सिमेंटच्या प्रत्येक पाटीला कोणीतरी हिशेब विचारायला हवा.

राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची तरतूद आहे. जालन्याला 2023 पासून महानगरपालिका आहे. शहराची वारसा यादी कुठवर आली, असा अर्ज कोणीही नागरिक तिथे देऊ शकतो. त्याच अर्जाची एक प्रत तहसील कचेरीला द्या आणि रेकॉर्ड रूमचे छत शेवटचे कधी दुरुस्त झाले, तेही लेखी विचारा.