ऱ्हाइन-मोझेलच्या द्राक्षमळ्यांतून नौकाप्रवास

वऱ्हाडांतल्या माणसाला नदी म्हटली म्हणजे जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, त्यांत नाव क्वचितच असते. पूर्णा काय किंवा वर्धा काय, आषाढ-श्रावणांत दोन्ही थड्या भरून धांवतात आणि वैशाखांत वाळूचा पट्टा उघडा टाकून कडेकडेनें वाहतात. नदी ही ओलांडावयाची. तिच्यावरून प्रवास करावयाचा, ही कल्पना येथें रुजण्याचें कारणच पडलें नाहीं. अमरावती-नागपूर रस्त्यावरील नांदगांव पेठेच्या एखाद्या कुटुंबानें, मुलें मार्गीं लागल्यावर, युरोपांत आठ दिवस नदीवरच राहण्याचा बेत केला, तर शेजारपाजाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असावयाचा कीं, आठ दिवस नदींत बसून करावयाचें काय?

प्रश्न वावगा नाहीं. अशा सहलीला खर्च थोडाथोडका येत नाहीं. पुष्कळांच्या बाबतींत ती आयुष्यभराच्या काटकसरींतून एकदांच घडणारी गोष्ट असते. तेव्हां हिरवे उतार, पडके किल्ले आणि मेजवान्या यांचीं रंगीत चित्रें पाहून निघण्यापेक्षां, त्या नदीवर जहाज चालतें कसें, तिच्या कांठीं द्राक्षें कां पिकतात आणि हें सारें कोणाच्या श्रमावर उभें आहे, एवढें समजून घेऊन निघणें अधिक हिताचें. ज्याला हें ठाऊक आहे त्याला त्या आठ दिवसांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. ज्याला ठाऊक नाहीं त्याला चौथ्या दिवशीं सगळे किल्ले सारखेच दिसूं लागतात.

वऱ्हाडचा माल पाण्यावरून कधींच गेला नाहीं, असें मात्र नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथील कापूस बैलांच्या पाठीवरून शेंकडों मैल दूर मिर्झापुरास जाई आणि तेथून गंगेच्या पात्रांतून नावांनीं बंगालकडे निघे. घरच्या नद्या सोडून थेट गंगा गांठावी लागे, यांतच सर्व कांहीं आलें. दख्खनच्या पठारावरील नद्यांना बर्फाचा आधार नाहीं. चार महिन्यांच्या पावसावर त्यांना वर्ष काढावें लागतें, आणि काळ्या कातळावरून तें पाणीही लवकर वाहून जातें. नाशिकचें उदाहरण घ्यावें. महाराष्ट्रांत द्राक्षांचा व वाइनचा प्रांत म्हणावयाचा तर तो गोदावरीच्या खोऱ्यांतला. २००० सालीं ‘सुला’ या कारखान्याची पहिली वाइन बाजारांत आली, २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, आणि आतां गंगापूर धरणाच्या परिसरांतील मळे पाहावयास दूरदूरचे लोक येतात. परंतु तेथें नावेंत बसावयाचें तर तें धरणाच्या अडविलेल्या पाण्यावर. त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी प्रवाशांना घेऊन मळ्यामळ्यांतून पैठणपर्यंत जात नाहीं.

ऱ्हाइनची गोष्ट निराळी आहे. ही नदी सुमारें १,२३० किलोमीटर लांब असून स्वित्झर्लंडांतील आल्प्स पर्वतांत उगम पावते आणि नेदरलंड्समधून उत्तर समुद्रास मिळते. तिला पाणी दोन वाटांनीं येतें. उन्हाळ्यांत आल्प्सवरील बर्फ वितळून वरच्या अंगानें पाणी उतरतें; हिवाळ्यांत नेकार, माइन, मोझेल या उपनद्या सखल मुलखांतील पावसाचें पाणी आणून ओततात. एक भरणा ओसरूं लागतो त्या सुमारास दुसरा सुरू होतो, आणि म्हणूनच नदी बहुधा बारमहा जहाजें वाहूं शकते.

परंतु केवळ निसर्गाच्या कृपेवर ही वाट चालत नाहीं. नदीला जेथें उतार फार, तेथें बंधारे घालून तिचे पायऱ्यांसारखे टप्पे केलेले आहेत, आणि प्रत्येक पायरीशीं ‘लॉक’ बांधलेलें आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोंकांस प्रचंड दरवाजे असलेला पाण्याचा हौद. वरून आलेलें जहाज हौदांत शिरलें कीं मागचा दरवाजा मिटतो, हौदांतील पाणी हळूहळू खालीं सोडतात, आणि जहाज पाळण्यांतून उतरावें तसें खालच्या पातळीवर येतें. मग पुढचा दरवाजा उघडतो. चढतांना हाच क्रम उलट. पंप लागत नाहीं; वरचें पाणी आपल्याच भारानें हौद भरतें. मोझेल नदीसाठीं फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तीन देशांनीं १९५६ सालीं करार केला आणि १९६४ सालीं ती मोठ्या जहाजांना खुली झाली. तिच्या जर्मनींतील भागावर अशीं दहा लॉक आहेत. महायुद्ध संपून अकरा वर्षें झालीं होतीं. कालचे शत्रू एका नदीचें पाणी कसें वांटून वापरावें हें ठरवावयास एकत्र बसले, ही गोष्ट त्या लॉकांतून उतरतांना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

प्रवासी जहाजाचा आकारही या हौदांनींच ठरविला आहे. मोझेल व माइन या नद्यांवरील लॉक साधारण १२ मीटर रुंद. म्हणून जहाजें सुमारें ११.४ मीटर रुंद आणि ११० किंवा १३५ मीटर लांब बांधतात. त्यांत दीड-पावणेदोनशें प्रवाशांची सोय असते. पूल ठेंगणे असल्यामुळें सुकाणूची खोली खालीं दबवितां येते. समुद्रावरच्या जहाजाप्रमाणें हेलकावे येथें नसतात. कांठ सदैव दृष्टीसमोर असतो, आणि पेटी एकदां उघडली कीं आठवडाभर पुन्हां बांधावी लागत नाहीं. वयस्क माणसांना ही सहल मानवते ती यामुळेंच.

आतां द्राक्षांकडे वळूं. नाशिक विसाव्या अक्षांशाजवळ आहे, तर ऱ्हाइनकांठचें माइन्झ शहर पन्नासाव्या. नाशिककडे वेलीला थंडीची झोप मिळत नाहीं. म्हणून तेथील बागाईतदार वर्षांतून दोनदां छाटतो: एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळछाटणी, वाइनचीं द्राक्षें जानेवारी ते मार्च या काळांत उतरतात. ऱ्हाइनकडे वेल हिवाळाभर पानें गाळून निजतो, वर्षांत एकदांच फळतो, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत होते. तिकडे उणीव असते ती ऊन्हाची. मैदानावर तिरपें पडणारें ऊन दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या उतारावर अधिक सरळ पडतें. म्हणून द्राक्षें डोंगराच्या अंगावर चढविलेलीं आहेत. नदीचें पाणी गारठ्याची तीव्रता कमी करतें. मोझेलकांठचा काळसर दगड हा तोच पाटीचा दगड, ज्याच्या पाट्यांवर एके काळीं मुलांनीं अक्षरें गिरविलीं. तो दिवसा तापतो आणि रात्रीं ती ऊब वेलीला परत देतो. संत्र्याच्या झाडाला ताण देऊन बहर धरणाऱ्या वऱ्हाडी बागाईतदाराला हें सांगावें लागणार नाहीं कीं, फळाची गोडी केवळ खतपाण्यानें येत नाहीं. झाडाला कोठें अडवावें आणि कोठें आधार द्यावा, या जाणतेपणानें येते.

नदी आणि द्राक्ष यांची गांठ फार जुनी आहे. रोमन लोकांनीं मोझेलकांठीं द्राक्षवेल लावला. नोयमागेन येथें १८७८ सालीं एक दगडी शिल्प सांपडलें; सुमारें इसवी सन २२० मधील त्या शिल्पांत वाइनचीं पिंपें भरलेली आणि वल्हेकऱ्यांनीं चालविलेली नाव कोरलेली आहे. आज तें ट्रियर येथील संग्रहालयांत आहे. पिंप जड, डोंगरी वाटेनें बैलगाडींतून हिसके खात नेण्यापेक्षां पाण्यावरून नेणें सोपें. उतारावर पिकवावें, पायथ्याशीं गाळावें आणि नदीवरून बाजारास धाडावें, असा हा व्यवहार शतकानुशतकें चालला. आजचा प्रवासी ज्या वाटेनें मौजेसाठीं जातो ती मूळची मालाची वाट आहे.

साधारण आठ दिवसांच्या सहलींत जहाज बाझेलहून निघतें आणि स्ट्रासबूर्ग, र्‍यूडेसहाइम, कोब्लेंट्स, कोलोन असें करीत ॲमस्टरडॅमला पोंचतें. कांहीं सहली कोब्लेंट्सहून मोझेलमध्यें वळून कोखेमपर्यंत जाऊन येतात. यांतील सर्वांत सुंदर भाग म्हणजे बिंगेन ते कोब्लेंट्स ही सुमारें ६५ किलोमीटरांची घळ. २००२ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. माइन्झ ते कोब्लेंट्स या टप्प्यांत नदीवर अद्याप एकही पूल नाहीं. मोटारीही तरींतून पलीकडे जातात. कांठावर किलोमीटरांचे पांढरे फलक आहेत, आणि ५५४ या आंकड्याच्या आसपास लोरेलाय नांवाचा १३२ मीटर उंच कडा उभा आहे. जहाज या घळींतून दिवसा जाणार कीं रात्रीं, हें तिकीट काढण्यापूर्वीं विचारून घ्यावें. रात्रीं निजेंत हा टप्पा निघून गेला, तर पैशाचा मोठा भाग पाण्यांत गेला असेंच समजावें.

त्या उतारांवर नजर टाकतांना तेथें चढतो कोण, हाही विचार मनांत यावा. मोझेलकांठीं ब्रेम गांवाजवळील कालमाँट नांवाचा मळा सुमारें ६५ अंशांपर्यंत चढा असून युरोपांतील सर्वांत उभ्या मळ्यांत त्याची गणना होते. तेथें ट्रॅक्टर चालत नाहीं. एकाच रुळावरून चढणारी लहानशी गाडी अवजारें वर नेते, पण छाटणी आणि तोडणी माणसाच्या हातांनींच करावी लागते. तोडणीच्या हंगामांत पोलंड, रूमानिया अशा देशांतून मजूर येतात. मजुरी चढली, घरचीं मुलें शहरांत गेलीं, त्यामुळें कित्येक उभे मळे ओस पडून तेथें झुडपें माजलीं आहेत. जहाजाच्या गच्चीवरून हिरव्या उतारावर मधेंच खरबरीत ठिगळ दिसलें तर तें रान नव्हे, सोडून दिलेला मळा असण्याचा संभव आहे. संत्र्याच्या बागा तोडून टाकण्याची पाळी ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांना त्या ठिगळाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऱ्हाइनवर बाझेलपासून इफेत्सहाइमपर्यंत दहा ठिकाणीं लॉक आहेत. त्याखालीं जर्मनींत नदी मोकळी वाहते. म्हणून ऐन घळींत पाणी अडवून धरणारें कांहीं नाहीं, आणि अवर्षणाचा पहिला फटका तेथेंच बसतो. कौब या गांवचें पाणीमाप सर्व खलाशी पाहतात. २०१८ च्या ऑक्टोबरांत त्याचा आंकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. २०२२ च्या ऑगस्टांतही तो पुन्हां तिशीच्या आसपास आला. हा आंकडा म्हणजे नदीची पुरी खोली नव्हे; जहाजाच्या वाटेंत पाणी त्याहून मीटरभर तरी अधिक असतें. तरीपण अशा वेळीं मालाचीं जहाजें अर्धवट भरून चालवावीं लागतात आणि प्रवाशांना कांहीं टप्पा मोटारबसनें नेण्यांत येतो. उलट पुराच्या दिवसांत पुलांखालून जाण्यास जागा उरत नाहीं व वाहतूक थांबवितात. म्हणून करारपत्रांत, नदी बंद पडल्यास कंपनी काय करील आणि काय परत देईल, हें कलम प्रथम वाचावें. मेजवानीच्या पदार्थांची यादी मागाहून वाचली तरी चालते.

काळ निवडतांना मे-जून किंवा सप्टेंबर सोयीचा. सप्टेंबरांत तोडणी पाहावयास मिळते, मात्र उन्हाळा कोरडा गेला असल्यास पाणी कमी असण्याचा धोका अधिक. या मार्गावरील स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी व नेदरलंड्स या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें त्याच्याकडे अर्ज करावा. तो प्रवासापूर्वीं सहा महिन्यांपर्यंत करतां येतो, आणि निदान पंधरा दिवस तरी अगोदर करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. शाकाहारी भोजनाची सूचना तिकिटाबरोबरच द्यावी. वाइन न घेणाऱ्यानें संकोच बाळगण्याचें कारण नाहीं. तळघरें पाहतां येतात, आणि द्राक्षांचा ताजा रसही बहुतेक ठिकाणीं मिळतो. घेणाऱ्यानेंही तेथील रीत पाहावी: घोट लहान, पेला अर्धा, सोबत भाकरीचा तुकडा, आणि बोलणें त्या वर्षाच्या पावसाविषयीं.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं हळहळण्याचें कारण नाहीं. नदीवरची वाट नाशिकला मिळणार नाहीं, पण वेल मिळेल. जानेवारीच्या अखेरीस तेथें जावें, तोडणी चाललेला मळा मालकाच्या परवानगीनें पाहावा, छाटणी कोणत्या डोळ्यावर केली, पाणी केव्हां तोडलें आणि मजूर कोठून आले, हें विचारावें. ऱ्हाइनकांठीं जे प्रश्न विचारावयाचे ते हेच आहेत. आणि ज्यानें ते एकदां घरच्या भाषेंत विचारले आहेत, त्याला परक्या मुलखांतील उत्तरें निम्मीं अगोदरच कळलेलीं असतात.