शब्द इंग्रजी, धडा आपल्याच धंद्याचा

आजच्या बाजारात नुसता माल चांगला असून भागत नाही. मालाबद्दल आणि स्वतःबद्दल चार शब्द नीट बोलताही यावे लागतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवरचे कापड दूरदूर जाते. पण ते विणणाऱ्याचे म्हणणे पुष्कळदा दलालाच्या तोंडूनच पुढे पोचते. खरेदीदार इंग्रजी बोलू लागला की आपला माणूस खाली पाहतो आणि मध्यस्थ खुर्ची पुढे ओढतो. नफ्यातला मोठा वाटा तिथेच जातो.

त्यात आता नव्या शब्दांची भर पडली आहे. 'माइंडसेट', 'टेनॅसिटी', 'रेझिलिअन्स' असे माणसाच्या स्वभावाचे आणि प्रगतीचे शब्द मुलाखतीत, प्रशिक्षण शिबिरात आणि कॉलेजात जाणाऱ्या आपल्याच मुलांच्या बोलण्यात सतत येतात. आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले लोक ही शिकलेल्यांची भाषा समजून गप्प बसतात. आम्हाला इंग्रजी भेटली ती पाचवीत, तीही पाठांतरापुरती. परंतु आम्ही या शब्दांकडे नीट पाहिले तेव्हा दिसले की यातले कितीतरी शब्द आपल्या गादीवर रोजच वापरात आहेत.

धाग्याचे गुण, माणसाचे गुण

'टेनॅसिटी' हा शब्द यार्नच्या टेस्ट रिपोर्टात असतो. 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, हे आपल्याला ठाऊक आहे. दर डेनियरमागे धागा तुटेपर्यंत किती ग्रॅम भार पेलतो, ती त्याची टेनॅसिटी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'धरून ठेवणे'. माणसाच्या बाबतीत हाच शब्द चिकाटीसाठी येतो. सुती धागा भिजला की अधिक मजबूत होतो, तर व्हिस्कोजचा धागा भिजला की बराच कमजोर पडतो. संकटाच्या पावसात माणसांचेही असेच दोन प्रकार दिसतात. एवढे लक्षात ठेवले तर हा शब्द जन्मभर विसरणार नाही.

'रेझिलिअन्स' समजायचा तर लोकरीचे कापड घ्यावे. मुठीत चुरगळून सोडले की ते बरेचसे पूर्ववत होते. सुती कापडाची चुणी मात्र इस्त्रीशिवाय जात नाही. दबाव गेल्यावर मूळ आकारात परत येण्याचा हा गुण म्हणजे रेझिलिअन्स. पुष्कळजण याचा अर्थ 'सहनशीलता' असा करतात, तो अपुरा आहे. सोसणे हा अर्धा भाग झाला. सोसून झाल्यावर पुन्हा उभे राहणे हा दुसरा अर्धा. पुरात दुकान बुडाले आणि दुकानदाराने पुन्हा शटर उघडले, तर त्याच्यासाठी हा शब्द चपखल आहे.

'बायस' तर आपल्या दर्जी बांधवांचा शब्द. ताणा-बाण्याला 45 अंशांत तिरपे कापलेले कापड ते बायस. ते एका बाजूला ओढले जाते, ताणले जाते. मनाचा असा तिरपेपणा म्हणजे पूर्वग्रह.

'फॉल्ट' आणि 'फेल्युअर' यांतला फरकही धंद्यातूनच शिकावा. चार-पॉइंट तपासणीत थानातल्या प्रत्येक दोषाला त्याच्या आकाराप्रमाणे 1 ते 4 गुण लावतात आणि 100 चौरस यार्डांमागे 40 गुणांपर्यंतचा माल साधारणपणे पास होतो. म्हणजे फॉल्ट निघाला म्हणून थान फेल होत नाही. इंग्रजीत व्याकरणाची चूक झाली तर तीही फॉल्टच, फेल्युअर नव्हे. समोरच्याला मतलब कळला, सौदा झाला, की थान पास!

'अजून' या शब्दाची किंमत

'माइंडसेट' म्हणजे मनाची घडण. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका कॅरल ड्वेक यांचे या विषयावरील पुस्तक 2006 साली आले. त्यांनी दोन प्रकार सांगितले. अक्कल जन्मतः ठरलेली, ती बदलत नाही असे मानणारा तो 'फिक्स्ड' माइंडसेट. मेहनतीने आणि योग्य शिकवणीने ती वाढते असे मानणारा तो 'ग्रोथ' माइंडसेट. त्यांचा एक आवडता शब्द आहे 'येट', म्हणजे 'अजून'. 'मला येत नाही' म्हटले की दार बंद. 'मला अजून येत नाही' म्हटले की दार किलकिले राहते.

मात्र शब्द म्हणजे ताईत नव्हे. अमेरिकेत सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही कल्पना तासाभरापेक्षा कमी वेळात मुलांना समजावली गेली. अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या गुणांत सुधारणा झाली, पण ती थोडीच. विचार बदलणे ही बोहनी आहे. दिवसभराची विक्री मेहनतीनेच होते.

आणखी एक शब्द जपून समजून घ्यावा. आपल्याकडे 'ॲटिट्यूड दाखवतो' म्हणजे घमेंड करतो. इंग्रजीत ॲटिट्यूड म्हणजे मुख्यतः वृत्ती, चांगली किंवा वाईट. खरेदीदार 'गुड ॲटिट्यूड' म्हणाला तर ती तारीफ समजावी.

वही कशी ठेवावी?

आमची सूचना साधी आहे. उधारीच्या वहीसारखी एक वही करावी. चार रकाने आखावेत: शब्द, उच्चार, अर्थ आणि आपल्याच दुकानातले एक वाक्य. उच्चार उर्दूत लिहा वा देवनागरीत, जे हाताला सोपे ते. आठवड्याला पाच शब्द पुरेत. चौथा रकाना कधीही रिकामा ठेवू नये, कारण वाक्यात न वापरलेला शब्द गोदामात पडून राहिलेल्या मालासारखा असतो. उर्दू माध्यमातल्यांच्या जिभेला 'इस्किल', 'इस्ट्राँग' म्हणायची सवय असते. त्यासाठी आधी नुसता 'स्स' लांबवावा आणि मग पुढचे अक्षर जोडावे. दुकान बंद करताना दोघांनी मिळून दहा मिनिटे बोलावे. मुलगा किंवा मुलगी शिकलेली असेल तर तिलाच उस्ताद करावे. त्यात कमीपणा नाही.

आणि इंग्रजीला परकी समजून घाबरायचे कशाला? तिने 'कॉटन' अरबीतल्या 'कुत्न'वरून घेतला, 'खाकी' फारसी 'खाक'वरून, 'कॅलिको' कालिकतवरून, तर 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून. आपल्या मालाची नावे नेताना ती लाजली नाही. मग तिचे पाच-पन्नास शब्द घेताना आपण का लाजावे? व्यापारी बांधवांनो, येत्या आठवड्याचे पाच शब्द आजच वहीत उतरवा.