साहेबाचं घर आणि भिवंडीचे माग

कच्चा माल, बाजारपेठ आणि मजुरी यांचा मेळ घालून खर्च सर्वांत कमी येईल तिथे कारखाना उभा राहतो, असं जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलं. हिशेब चोख होता. हिशेब करणारा माणूस मात्र त्यात कुठेच नव्हता.

त्याला शोधलं अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी. कर्मचाऱ्यांच्या सुखासाठी म्हणून न्यूयॉर्क सोडणाऱ्या ३८ कंपन्या त्यांनी तपासल्या. त्यातल्या ३१ कंपन्यांची नवी कचेरी सर्वांत बड्या साहेबाच्या घराजवळ निघाली, सरासरी आठेक मैलांवर! कारखान्यांचंही फार वेगळं नाही. नव्या विमानसेवेमुळे मुख्यालयातून कारखान्यात जाण्याचा वेळ घटला, की तिथली गुंतवणूक आठ-नऊ टक्क्यांनी वाढते, असं झेव्हियर जिरू यांच्या २०१३ च्या संशोधनात दिसलं.

मुंबईजवळच्या भिवंडीचंच पाहा. इथे कापूस पिकत नाही. तरी माग खडखडतात, याचं एक मोठं कारण म्हणजे मुंबईतल्या गिरणी व्यवस्थापनाला ते सोयीचं होतं. गिरणीत माणूस ठेवला की पगार, बोनस, भविष्य निर्वाह निधी आणि युनियन आली. भिवंडीतून मीटरवर कापड घेतलं की यातलं काहीच नाही. कारखाना कायदा विजेवरच्या कामाला तेव्हा दहा कामगारांपासून लागू होत असे. अबकारीची सवलतही एके काळी मोजक्या मागांनाच होती. मग एकाच छपराखालचे माग भावाच्या, मेहुण्याच्या, बायकोच्या नावावर चढले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरण्यांच्या छापाचं कापड बाजारात येतच राहिलं. ते यंत्रमागांवर विणलं जात होतं. गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीचा शिक्का चालवणं सोपं, हे व्यवस्थापनाला तोवर कळून चुकलं होतं.

भिवंडीतल्या गोदामांची गोष्ट जकातीची. मुंबईत माल नेला की नाक्यावर जकात. म्हणून पुढे इतरत्र जाणारा माल मुलुंडच्या अलीकडेच, मानकोली, काल्हेर, पूर्णा, वळ इथे उतरू लागला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं हलली नाहीत, उलट ऑनलाइन विक्रीवाल्यांची भर पडली. गोदामाच्या मॅनेजरचं काम जोखताना दोन आकडे मोठे ठरतात: चौरस फुटाचं भाडं आणि माल पोचायला लागलेला वेळ. दोन्हींत भिवंडी बसते. अंजूरफाट्याच्या कोंडीत रिकाम्या परतणाऱ्या ट्रकचे तास यात धरले जात नाहीत; भाडं फेरीवर ठरलेलं असेल, तर ते ट्रकवाल्याच्या खिशातून जातात.