हॉर्न अडकला, कान सांभाळा

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास एका बाळंतिणीला तपासून मी प्रसूतिगृहाबाहेर आलो. गाडी वळवताना हॉर्न दाबला आणि तो अडकूनच बसला. चावी काढली तरी भोंगा चालूच! आतली तान्ही बाळे दचकून रडू लागली. घाईघाईने बॉनेट उघडून मी हॉर्नची वायर शोधत अगदी त्याच्यावर वाकून राहिलो. यात दहा मिनिटे गेली. शेवटी समोर राहणारे मिस्त्री झोपेतून उठून आले. त्यांनी फ्यूजच्या डबीतून हॉर्नचा फ्यूज उपसला आणि सारे शांत झाले.

"काय बिघडलं होतं, मिस्त्री?" मी विचारले.

"काय म्हणता, डॉक्टरसाहेब?" त्यांनी कान पुढे केला.

मग मोठ्याने विचारल्यावर त्यांनी सांगितले, "रिले चिकटला." तेही मला नीट ऐकू आले नाही, कारण माझ्या कानात शिट्टी वाजत होती. माझी शिट्टी सकाळपर्यंत थांबली. मिस्त्रींना मात्र कित्येक वर्षांपासून कमी ऐकू येते.

वाचकहो, ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास सहन करणे ही कानाची मर्यादा मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे! गाडीचा हॉर्न अगदी जवळून याहूनही मोठा वाजतो. आपल्या अंतर्कर्णात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार नाजूक केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

म्हणून हॉर्न अडकल्यास एवढे करा. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. हॉर्नचे बटण दोनचार वेळा दाबून पाहा, कधीकधी ते सुटते. नाही सुटले तर हॉर्नवर वाकू नका, फ्यूज काढा. कोणता फ्यूज कशाचा, हे बहुधा डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तो सापडला नाही तर बॅटरीची ऋण तार सोडवा. स्टिअरिंग मात्र स्वतः उघडू नका, त्यात एअरबॅग असू शकते. जवळच्या लहान मुलांना आधी दूर न्या. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करून घ्या, कारण हॉर्नशिवाय गाडी चालवणेही धोक्याचे.

मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कमी ऐकू येऊ लागले, तर कानात तेल घालत बसू नका. एका दिवसात बरे वाटले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एकाएकी बहिरेपण आले तर त्याच दिवशी गाठा. सुरुवातीच्या दिवसांतच उपचाराचा उपयोग होतो.

मिस्त्रींची श्रवणचाचणी मी आग्रहाने करवली. गेलेले ऐकणे परत येणार नाही, पण आहे ते टिकावे म्हणून ठोकाठोकी करताना ते आता कानात बोळे घालतात. कापसाचे नव्हेत, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे.