हरणाला मीठ का हवे?

श्रोतेहो, गोठ्यातली गाय भिंत चाटू लागली की तुम्ही तिच्यापुढे मिठाचा खडा ठेवता. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव-नागझिऱ्याच्या रानातल्या चितळ-सांबरांना तो कोण देणार? ती बिचारी खारी माती हुडकून चाटतात.

गवत-पाल्यात पोटॅशियम पुष्कळ, सोडियम थोडे. पावसाळ्यातल्या कोवळ्या चाऱ्यावर तर ही उणीव अधिकच भासते. शिवाय नराची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात; त्यांना कॅल्शियम आणि फॉस्फरस लागतो. पाडसाला पाजणाऱ्या मादीचेही तेच.

ही गरज शिकाऱ्यांनी हेरली. मीठ टाकायचे, मचाणावर बसायचे आणि चाटायला आलेले जनावर टिपायचे. म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आमिष लावणे हीसुद्धा शिकारच मानली.

तुम्ही म्हणाल, ‘मारायचे नाही, मुलांना हरीण दाखवायचे आहे, बांधावर मीठ ठेवले तर काय बिघडले?’ बिघडते. हरणे धानात शिरतात, त्यांच्यामागून बिबट्या येतो. त्याच खड्याला गुरांनी तोंड लावले, की लाळ-खुरकत इकडची तिकडे जाते. रानात चाटण कुठे ठेवायचे ते वनखाते पाहील. गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: दावणीचे मीठ दावणीलाच राहू द्या.