कंट्रोल-सी दाबल्यावर उठणार कोण?

रात्री दोन वाजता रेक्टर सरांनी रूमचं दार वाजवलं, तर चौघांपैकी कोण उठतो? ज्याच्या कानात बोळे नाहीत असा कोणीतरी एक! अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रामला सिग्नल येतो तेव्हा नेमकं हेच घडतं.

सिग्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने प्रोसेसला मारलेली हाक. कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट, म्हणजे क्रमांक 2. नुसती किल कमांड दिली की सिगटर्म, क्रमांक 15. पॉझिक्सचा नियम असा, की हँडलर सगळ्या प्रोसेसचा मिळून एकच असतो, पण सिग्नल अडवणारा मास्क प्रत्येक थ्रेडचा वेगळा. नवा थ्रेड आपल्याला जन्म देणाऱ्या थ्रेडचाच मास्क घेऊन येतो. प्रोसेसला आलेली हाक, ती न अडवणाऱ्या कोणत्याही एका थ्रेडला मिळते. चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वाचल्याचा सिगसेग्व्ह मात्र ज्याने घोळ घातला त्यालाच.

आता हे तपासायचं कसं? चार थ्रेड सुरू करा. हँडलरमध्ये थ्रेडचा नंबर फक्त एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि बाहेर येऊन छापा. लिनक्सवर शंभर वेळा कंट्रोल-सी दाबलं तरी बहुधा मेन थ्रेडच उठलेला दिसेल, कारण कर्नल आधी त्यालाच विचारतो. इथेच आपण फसतो! "सिग्नल मेनलाच येतो" असं जर्नलमध्ये लिहून मोकळे होतो. मग मेनमध्ये सिगइंट अडवून पुन्हा चालवा. दुसराच कोणी उठेल.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. मेन थ्रेडने म्युटेक्स घेतला आहे आणि तेवढ्यात आलेल्या सिग्नलचा हँडलर तोच म्युटेक्स मागतो आहे. स्वतःचीच वाट बघत प्रोग्राम कायमचा अडकतो. ही वेळ जुळून यायला एरवी हजारदा चालवावं लागेल. आणि जुळते ती नेमकी व्हायव्हाच्या दिवशी, एक्स्टर्नलसमोर! म्हणून म्युटेक्स घेतल्यावर मुद्दाम पाच सेकंदांचा स्लीप टाका आणि दुसऱ्या टर्मिनलवरून सिग्नल पाठवा. चूक असेल तर पहिल्याच फटक्यात सापडेल. मॅलॉकही आतून कुलूप वापरतो, त्यामुळे हँडलरमध्ये तोही नको. प्रिंटएफसुद्धा तिथे सुरक्षित नाही. राइट चालतो.

उपाय सोपा आहे. थ्रेड सुरू करण्याआधीच मेनमध्ये पीथ्रेड-सिगमास्क वापरून सिगइंट आणि सिगटर्म अडवा. मग एकच थ्रेड राखीव ठेवून त्याला सिगवेटवर बसवा. सगळ्यांच्या कानात बोळे, आणि दाराशी एक वॉचमन! हा थ्रेड हँडलर नाही, साधा थ्रेड आहे. त्यामुळे म्युटेक्स, प्रिंटएफ, फाइल नीट बंद करणं सगळं त्याला चालतं.

खात्री करायची तर प्रॉक फोल्डरमध्ये प्रोसेसच्या टास्कखाली प्रत्येक थ्रेडची स्टेटस फाइल असते. काम करणाऱ्या थ्रेडच्या फाइलमध्ये सिगब्लॉकच्या ओळीत, इतर काही अडवलं नसेल तर, शेवटचे आकडे 4002 दिसले पाहिजेत. पंधरावा बिट 4000, दुसरा बिट 2.

शेवटी एवढंच, की "माझ्या मशीनवर चालतंय" याला चाचणी म्हणत नाहीत. प्रोग्राम मोडायचा मनापासून प्रयत्न करा. तरीही चालला, तर सबमिट करा.