बॅटरीची विजार आणि कुंभाराचं गाढव

(शिरगाव, ता. मावळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाच्या माणसाने विजारीवर काय बोलावं, असं काहींना वाटलं असेल. पण प्रश्न माझा नाही, इथल्या पोरांचा आहे. सोमाटणे फाट्याच्या बाजूला पहाटे अंधारात जी मुलं-मुली पळताना दिसतात, त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "सर, बॅटरीवर गरम होणारी पँट मिळते. ती घालून बसलं तर शंभर मीटरला फायदा होतो का? घरी पैसे मागायचे आहेत." यातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. घरी पैसे मागायचे असतील तर उत्तर नीट द्यायला हवं.

ज्यांच्या घरी भरतीचं वारं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ गुणांना आणि गोळाफेक १५ गुणांना. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. वेळेच्या टप्प्यांवर गुण ठरतात, त्यामुळे शंभर मीटरमध्ये थोडक्यात टप्पा हुकला की गुण गेले. आणि ही चाचणी घरातून उठून लगेच होत नाही. पहाटे मैदानावर पोचायचं, कागदपत्रं, उंची, छाती, क्रमांक, मग रांग. मुलगा वॉर्म-अप करतो, अंगाला घाम येतो, आणि मग तो अर्धा तास, तासभर उभा राहतो. कधी जानेवारीच्या थंडीत, कधी पावसात. त्याने कमावलेली ऊब त्या रांगेत जाते. आजचा सगळा विषय या रांगेचा आहे, हे लक्षात ठेवा.

आता ही विजार म्हणजे काय? जाड कापडाच्या आत मांडीच्या जागी तापणाऱ्या तारा किंवा कार्बनच्या धाग्यांच्या पट्ट्या, आणि खिशात लिथियमची बॅटरी. तत्त्व इस्त्रीचंच, फक्त सौम्य. खेळात तिचं नाव झालं ते २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये. ब्रिटनचे ट्रॅकवरचे सायकलपटू वॉर्म-अप झाल्यावर शर्यतीची पाळी येईपर्यंत अशा विजारी घालून बसत. त्यामागे आदिदास कंपनी आणि इंग्लंडमधलं लफबरो विद्यापीठ यांचं काम होतं. त्या वर्षी ट्रॅक सायकलिंगच्या १० सुवर्णपदकांपैकी ७ ब्रिटनने नेली. झालं! लोक म्हणाले, विजारीने पदकं जिंकली.

इथे मला आमच्या न्यायशास्त्रातलं गाढव आठवतं. कुंभार मडकं घडवतो. मडक्याच्या आधी माती असते, चाक असतं, दांडा असतो, कुंभार असतो. आणि ती माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव हे मडक्याचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. ते आधी हजर असतं एवढंच. अशा हजर असलेल्या पण कारण नसलेल्या गोष्टीला त्यांनी 'अन्यथासिद्ध' असा शब्द दिला. गाढवाशिवायही मडकं होतं, बैलगाडीतून माती आणली तरी चालतं. ब्रिटनकडे त्या वर्षी सायकली चांगल्या होत्या, प्रशिक्षक होते, पैसा होता, घरचं मैदान होतं. त्यात विजार हे चाक की गाढव, हे पदकतालिका पाहून कळत नाही. त्यासाठी एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवाव्या लागतात. अन्वय आणि व्यतिरेक. ते असलं की होतं का, ते नसलं की होत नाही का.

पहिला प्रश्न तर त्याच्याही आधीचा आहे. वॉर्म-अपमध्ये उपयोगी पडते ती हालचाल की ऊब? दोन्ही एकदमच येतात, मग वेगळं कसं करणार? १९८७ साली सार्जंट नावाच्या शास्त्रज्ञाने ते वेगळं करून दाखवलं. त्याने चार जणांना पाय पाण्यात बुडवून ४५ मिनिटं बसवलं. एकदा ४४ अंशांच्या पाण्यात, एकदा १८, एकदा १२ अंशांच्या. हालचाल काही नाही. मग सायकलवर २० सेकंद जीव तोडून पाय मारायला लावले. गरम पाण्यातून आलेल्यांची सर्वोच्च ताकद नेहमीपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त निघाली. थंड पाण्यानंतर ती १२ टक्के आणि २१ टक्के घटली. म्हणजे निदान थोड्या वेळाच्या जोरकस कामासाठी ऊब हे चाक आहे, गाढव नाही. आणखी एक बारकावा त्यात निघाला. पाय जितके वेगाने फिरवायचे तितका तापमानाचा परिणाम मोठा. सावकाश पायडलला एका अंशामागे २ टक्के, अति वेगात १० टक्क्यांपर्यंत. म्हणून हा विषय शंभर मीटरवाल्याचा जास्त आहे, ओझं उचलणाऱ्याचा कमी.

असं का होतं? स्नायूचं आकुंचन ही रासायनिक क्रिया आहे, आणि रासायनिक क्रिया उबेत वेगाने होते. आपली आजी विरजण चुलीजवळ का ठेवत असे, तेच कारण. शिवाय मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेगही अंशागणिक सेकंदाला साधारण दोन मीटरने वाढतो.

आता विजारीकडे. लफबरोच्या फॉकनर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ पुरुषांना वॉर्म-अप करायला लावून अर्धा तास नुसतं बसवलं. आपल्या भरतीच्या रांगेसारखंच, बघा. एकदा साध्या ट्रॅकसूटमध्ये, एकदा ऊब धरणाऱ्या जाड विजारीत, एकदा तापणाऱ्या विजारीत. मग ३० सेकंदांची जोरदार सायकल. तापणाऱ्या विजारीत सर्वोच्च ताकद साध्या ट्रॅकसूटपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त आली. आकडा मोठा आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, विजार गरम आहे की नाही हे घालणाऱ्याला लपवता येत नाही. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, इथे मांडीलाच कळतं. त्यामुळे मनाच्या उत्साहाचा वाटा किती, हे सांगणं अवघड. दोन, सर्वोच्च ताकद नऊ टक्क्यांनी वाढली म्हणजे शंभर मीटरची वेळ नऊ टक्क्यांनी कमी झाली असं मुळीच नाही.

त्याच मंडळींनी दुसरा अभ्यास केला, तो मला जास्त आवडतो. विजार वॉर्म-अप करतानाही घातली तर आणखी फायदा होतो का? उत्तर आलं, नाही. नंतरच्या बसण्याच्या वेळात घातली तेवढीच पुरे. म्हणजे विजार ऊब कमावत नाही, कमावलेली राखते.

याचं गणित तुम्ही घरीही करू शकता. दोन्ही पायांचे मोठे स्नायू अंदाजे दहा किलो धरू. एक किलो स्नायू एका अंशाने तापवायला सुमारे साडेतीन हजार ज्यूल लागतात. दहा किलोला पस्तीस हजार. विजार दहा वॉटची असेल, तर सगळी उष्णता आत गेली असं धरूनही एका अंशाला जवळजवळ तास लागेल. आणि सगळी कुठे आत जाते! निम्मी-अधिक हवेत, आत गेलेलीही रक्त वाहून नेतं. उलट जोरात पळणाऱ्या माणसाचं शरीर हजार वॉटच्या आसपास उष्णता तयार करतं, कारण स्नायू खातात त्यातलं जेमतेम पाव काम होतं आणि बाकीचं उष्णता म्हणून निघतं. म्हणजे तुमच्या मांडीत जी शेगडी आहे ती खिशातल्या बॅटरीच्या शंभरपट. गार पायांनी विजार चढवून मोबाइल बघत बसलेल्या मुलाला कातडीला गरम लागेल, आणि स्नायू जवळपास तिथेच राहील.

कातडीला गरम लागणं आणि स्नायू गरम असणं, या दोन गोष्टींची गल्लत फार होते. मलमाचंच घ्या. शर्यतीआधी पोरं मांड्यांना मलम चोळतात, पाय पेटल्यासारखा वाटतो. मिरचीतल्या तिखट द्रव्याने कातडीतली उष्णता ओळखणारी यंत्रणा चाळवते, जी एरवी ४३ अंशांच्या आसपास जागी होते. हे शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल वाटून मिळालं. खोलवरच्या स्नायूचं तापमान त्याने चढत नाही. प्रत्यय आहे, पण त्याचा विषय नाही. दोरीवर साप दिसावा तसं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं ते याच वृत्तीने, की नौली करताना पोटात काय 'वाटतं' ते पुरेसं नाही, दाब मोजून पाहू. आपल्या तालुक्याला ही शंभर वर्षांची परंपरा आहे, ती विजारीलाही लावू या.

मलमाबद्दल जाता जाता इशारा. मलम लावून त्यावर तापणारा कपडा घालू नका. औषध जास्त शोषलं जातं, कातडी भाजते.

मग त्या मुलाला काय सांगायचं? रांगेत ऊब राखायची आहे, हे पक्कं. त्याचे बिनपैशाचे मार्ग पाहू. कोपनहेगनच्या मोर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये फुटबॉलपटूंवर दाखवलं की मध्यंतरात नुसतं बसणाऱ्यांच्या स्नायूचं तापमान सुमारे २ अंश उतरतं आणि त्यांची धाव मंदावते. ज्यांनी मध्यंतरात पुन्हा हलकी हालचाल केली, त्यांची धाव टिकली. व्यावसायिक रग्बीपटूंवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॅटरी नसलेलं, नुसतं ऊब धरणारं आपत्कालीन जॅकेट वॉर्म-अपनंतर १५ मिनिटं घातलं, त्यानेही ताकद जास्त टिकली. आपल्याकडे जत्रेच्या आखाड्यात जोडीची वाट बघणारा पैलवान अंगावर चादर ओढून का बसतो, याचं कोडं कुणाला पडलं असेल तर ते सुटलं. तो जोर-बैठका मारून आलेला असतो, आणि वारा त्याचा शत्रू असतो.

तेव्हा, वॉर्म-अप दहा-पंधरा मिनिटं, धाप न लागेल इतकाच. लगेच घामेजलेला बनियन बदला, कारण ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. घामाचा एक लिटर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेतो. जुन्या दोन ट्रॅक पँट एकावर एक, वरून जर्किन, डोक्याला टोपी. गार दगडावर बसू नका. दर पाच-सात मिनिटांनी गुडघे उचलून जागच्या जागी पळा. आपल्या पुढचे आठ-दहा जण उरले की दोन-तीन छोट्या धावा घ्या, आणि वरचे कपडे अगदी शेवटी काढा. हे सगळं करून हातात पैसे उरत असतील तर विजार हा त्यावरचा थर आहे. घरी मागून, उसने घेऊन आणण्याची ती वस्तू नाही. त्या पैशात चांगले बूट येतात, आणि १६०० मीटरला बूट रोज कामाला येतात.

हृदय, दम, पायाची लय, सुरुवातीच्या इशाऱ्याला उसळण्याची सवय, ही वॉर्म-अपची बाकीची कामं आहेत. ती विजार करू शकत नाही. म्हणून 'विजार घातली, वॉर्म-अप नको' असं कुणी सांगितलं तर समजावं की तो विकायला बसला आहे.

सगळ्याच खेळांना ऊब हवी असंही नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतला स्वार खोपोलीला पोचेपर्यंत स्वतःच भट्टी झालेला असतो. बोरघाट चढताना त्याची अडचण उष्णता घालवण्याची असते. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाचे खेळाडू बर्फाची जाकिटं घालून थंड होत होते. लांब पल्ल्याला अंग आधीच तापवलं तर नुकसानच.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आम्ही साठीच्या पुढची माणसं पहाटे फिरायला जातो. गुडघे आखडतात. आम्ही वापरावी का?)

चालताना आराम वाटत असेल तर हरकत नाही, पण तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत. ज्यांना मधुमेह आहे आणि पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांनी वापरू नये. गरम लागतंय हे त्यांना कळतच नाही. ४४ अंश म्हणजे काही उकळतं पाणी नव्हे, पण तेवढ्या उष्णतेला कातडी सहा तास टेकून राहिली तर भाजते, हे १९४७ सालीच मोजून ठेवलेलं आहे. घालून झोपू तर अजिबात नका. बॅटरी फुगलेली दिसली, वायर चेमटलेली दिसली, की ती टाकून द्या. चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नका. धुताना बॅटरी काढायची, आणि पिळायची नाही, आतल्या तारा तुटतात. आणि चालायला निघताना पहिली पाच मिनिटं सावकाश चाला. दहा मिनिटांनी गुडघे मोकळे झाले तर तुमची शेगडी पेटली आहे. मग ती विजार घरीच राहू दे, घामाने ओली होईल.